दारू सुटली, मग झोप का उडाली? व्यसनमुक्ती आणि जुने आघात

अमली पदार्थांच्या बातम्या आपल्याकडे किलोंत आणि कोटींत येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ एमडी बनवणारा कारखाना उघडकीला आला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याच एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, प्रचंड साठा पकडला, तेव्हा माल कोणी बनवला, कोणी पोचवला आणि कोणाच्या आशीर्वादाने, यावर रकानेच्या रकाने भरले. तो माल घेणाऱ्याला त्याची गरज का भासते, हा प्रश्न वर्तमानपत्रांत क्वचितच येतो. तो घरांत विचारला जातो, आणि तिथे बहुधा दारूच्या संदर्भात विचारला जातो: "सहा महिने थेंबाला शिवला नाही. कामावर जात होता, पोरांना शाळेत सोडत होता. मग पुन्हा का प्यायला?"

उत्तरे अनेक असतात: जुने मित्र, पगाराचा दिवस, लग्नाची वरात, फाजील आत्मविश्वास, अर्धवट सोडलेले उपचार. त्यांतले एक उत्तर मात्र आपल्याकडे अलीकडेपर्यंत फारसे विचारात घेतले जात नव्हते. बऱ्याच जणांच्या आयुष्यात दारू येते ती आधीच्या एखाद्या जखमेवरचे घरगुती औषध म्हणून. औषधच पुढे रोग होऊन बसते, हे खरेच. पण ते काढून घेतले की खालची जखम उघडी पडते, आणि तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही तर माणूस पुन्हा त्याच औषधाकडे वळतो. व्यसन आणि जखम या दोन्हींवर एकत्र उपचार करावेत, हा विचार जगभर आता बराच रुजला आहे. तो काय आहे, त्याला आधार किती आहे आणि त्यात जपून कुठे राहावे लागते, ते पाहू.

दोन शब्दांचे अर्थ

‘ट्रॉमा’ हा शब्द हल्ली फार सैल झाला आहे. परीक्षेत कमी गुण पडले तरी मुले तो वापरतात. मानसोपचारात त्याला बराच नेमका अर्थ आहे. जिवावर किंवा शरीरावर बेतणारी घटना स्वतःवर ओढवणे किंवा डोळ्यांदेखत घडणे, आणि त्या वेळी आपल्या हातात काहीही नाही अशी असहायता अनुभवणे, म्हणजे मानसिक आघात. यापुढे नुसते ‘आघात’ म्हणू. अपघात, भूकंप, दंगल, बलात्कार अशा एकेका घटना त्यात येतात, तसेच वर्षानुवर्षे चालणारे प्रकारही येतात. जिन्यावरच्या बापाच्या पावलांच्या आवाजावरून आज मार बसणार की नाही याचा अंदाज बांधत वाढलेले मूल, हे त्याचे आपल्याकडचे सर्वांत परिचित उदाहरण.

आघात झालेली बहुतेक माणसे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात. जे सावरत नाहीत त्यांच्यापैकी काहींना आघातोत्तर ताणविकार होतो. त्याचे इंग्रजी आद्याक्षरी नाव पीटीएसडी. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अवस्थेवर बरीच वर्षे वाद झडल्यानंतर १९८० मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला आपल्या निदानसूचीत जागा दिली. या विकारात ती घटना नुसती आठवत नाही, तर पुन्हा घडते: स्वप्नांत, एखाद्या वासाने, एखाद्या आवाजाने. माणूस तिची आठवण करून देणारी प्रत्येक गोष्ट टाळू लागतो, स्वतःला दोष देतो, आपल्या माणसांपासून तुटतो, आणि शरीर रात्रंदिवस सावध राहते.

व्यसनाची व्याख्या फार लांबवायला नको. किती घ्यायची यावर ताबा राहत नाही, नुकसान समोर दिसत असूनही थांबता येत नाही, तेवढाच परिणाम व्हायला दर खेपेला जास्त लागते, आणि बंद केली की शरीर बंड करते. ही अवस्था म्हणजे व्यसन. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केलेला आहे, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

राखणीचा कुत्रा आणि भाकरीतली भांग

आपल्या मेंदूत ॲमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. त्याला वस्तीवरचा राखणीचा कुत्रा समजा. अनोळखी चाहूल लागली की तो भुंकतो, आणि घरमालक, म्हणजे कपाळामागचा विचार करणारा मेंदू, बाहेर येऊन पाहतो. पोस्टमन असेल तर कुत्र्याला गप्प करतो, चोर असेल तर काठी घेतो. एका रात्री वस्तीवर खरोखरच दरोडा पडतो आणि कुत्र्याला जबर मार बसतो. त्यानंतर तो पाहुण्यावर भुंकतो, वाळक्या पानावर भुंकतो, मालकाने हजार वेळा चुचकारले तरी गप्प बसत नाही. घरात कोणाला झोप नाही.

मालकाला एक उपाय सापडतो. संध्याकाळी भाकरीत थोडी भांग घालून द्यायची. पहिल्या रात्री कुत्रा निपचित पडतो आणि घर कित्येक दिवसांनी झोपते. हा उपाय मूर्खपणाचा नव्हता, हे इथे समजून घेतले पाहिजे. दारू मेंदूतल्या मंदावणाऱ्या यंत्रणेला जोर देते, त्यामुळे तास-दोन तास भीती खरोखरच उतरते. एडवर्ड खान्त्झियन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ मध्ये ही कल्पना नीट मांडली. माणसे कोणतीही नशा सहसा अशीच उचलत नाहीत, आपल्या विशिष्ट यातनेला कोणती लागू पडते हे त्यांना अनुभवाने कळलेले असते, असे त्याचे म्हणणे होते.

पण मेंदू रोजच्या भांगेची सवय करून घेतो. दारूच्या मंदावण्याला तोल म्हणून तो आपली उत्तेजना वाढवून ठेवतो, त्यामुळे मात्रा वाढवावी लागते. आणि ज्या संध्याकाळी भाकरी कोरडी मिळते त्या रात्री कुत्रा पूर्वीच्या दुप्पट भुंकतो. दारू अचानक थांबल्यावर हात थरथरणे, घाम, धडधड, निद्रानाश होतो तो यामुळेच. रोज खूप पिणाऱ्यांना पहिल्या चार दिवसांच्या सुमारास भास, झटके आणि प्राणघातक ठरू शकणारा वातभ्रम, म्हणजे भान हरपून भ्रमिष्टासारखी होणारी अवस्था, होऊ शकतो, म्हणून अशा माणसाची दारू घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊनच ती थांबवावी लागते.

शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. दारूमुळे झोप लवकर लागते, पण ज्या टप्प्यात आपल्याला ठळक स्वप्ने पडतात तो टप्पा ती दाबून टाकते. दारू थांबली की दाबलेली स्वप्ने उसळून येतात. ज्याच्या स्वप्नांत फारसे काही नाही त्याला काही आठवडे विचित्र स्वप्ने पडतात, एवढेच. ज्याच्या स्वप्नांत आघात दबा धरून बसला आहे त्याच्यासाठी दारूमुक्तीचा पहिला महिना म्हणजे रोज रात्रीचा दरोडा असतो. नातेवाईक हार घालून अभिनंदन करत असतात, आणि त्याच्या मनात एकच हिशोब चालू असतो, की पीत होतो तेव्हा निदान झोपत तरी होतो.

एकोणिसावी रात्र

आता ज्याच्याविषयी सांगतो तो माणूस खरा नाही. व्यसनमुक्तीच्या कामात पुन्हा पुन्हा ऐकू येणाऱ्या हकिगती जोडून त्याला उभा केला आहे. वय ४२, मालट्रकचा चालक. अकरा वर्षांपूर्वी घाटात गाडी उलटली तेव्हा क्लीनर म्हणून सोबत असलेला त्याचा मावसभाऊ केबिनमध्ये अडकला, आणि क्रेन येईपर्यंतचे दोन तास हा बाहेर पडून त्याचा आवाज ऐकत राहिला. टाकी फुटून डिझेल रस्ताभर वाहत होते. भाऊ गेला. याला मुका मार लागला होता, म्हणून दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी सोडले. पोलिसांनी जबाब घेतला, मालकाने गाडीच्या विम्याची कागदपत्रे मागितली. रोजची क्वार्टर सुरू झाली ती त्याच महिन्यात, कारण तिच्याशिवाय डोळाच लागत नव्हता.

तो तिसऱ्यांदा भरती झाला आहे. टर्की, म्हणजे दारू तुटल्यावरचा त्रास, पहिल्या आठवड्यात उतरला. सकाळची प्रार्थना, योगासने, गटसभा, सगळ्यांत तो पुढे. एकोणिसाव्या रात्री दीडच्या सुमारास वीज जाते, खिडकीखालचा जनरेटर सुरू होतो, आणि धुराबरोबर डिझेलचा वास वॉर्डात शिरतो. ड्युटीवरचा कार्यकर्ता बॅटरी घेऊन फेरीला येतो तेव्हा हा कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, दाराकडे नजर ठेवून, पायात चपला घालून बसलेला असतो. बनियन घामाने भिजलेली, दातखिळी बसल्यासारखी. वहीत नोंद होते: ‘टर्की’. वास्तविक दारू तुटल्यावरची थरथर सहसा एवढे दिवस टिकत नाही. दुसऱ्या दिवशी तो घरी अडचण आहे म्हणून डिस्चार्ज मागतो, आणि वहीत दुसरी नोंद पडते: ‘प्रेरणेचा अभाव’. चौथ्या दिवशी तो प्यायलेला असतो.

या गोष्टीत कोणीही दुष्ट नाही. कार्यकर्ता रात्रभर जागा होता, केंद्राचे वेळापत्रक चांगले होते. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार झाला. तीन भरत्यांत मिळून त्याला "कधीपासून पितोस?" हे अनेकदा विचारले गेले, "त्या वर्षी काय झालं होतं?" हे एकदाही नाही.

हे किती जणांच्या बाबतीत खरे आहे?

या विषयावरचे सर्वाधिक चर्चिलेले संशोधन अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरातले आहे, आणि त्याची सुरुवात व्यसनमुक्ती केंद्रात झालेली नाही. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी हे १९८० च्या दशकात तिथे लठ्ठपणावरचे उपचारकेंद्र चालवत. ज्यांचे वजन उत्तम उतरत होते तेच लोक मध्येच सोडून जात, हे कोडे त्यांना पडले. मुलाखती घेतल्यावर त्यांतल्या अनेकांनी लहानपणच्या लैंगिक अत्याचारांविषयी सांगितले. डॉक्टरांना जी समस्या वाटत होती ती काही जणांसाठी संरक्षण होती. पुढे रॉबर्ट अँडा यांच्यासह त्यांनी १७,००० हून अधिक लोकांना बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांविषयी विचारले: मारहाण, अत्याचार, दुर्लक्ष, घरात आईला होणारी मारझोड, घरातले व्यसन, मानसिक आजार, तुरुंगवास आणि असे इतर. १९९८ मध्ये पहिले निष्कर्ष छापून आले. यांपैकी चार किंवा अधिक प्रकार ज्यांनी अनुभवले होते त्यांच्यात, एकही न अनुभवलेल्यांच्या तुलनेत, दारूचे व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. हे लोक झोपडपट्टीतले नव्हते. बहुतेक गोरे, शिकलेले, विमा असलेले मध्यमवर्गीय होते.

दुसरा दाखला व्हिएतनामचा. तिथे असताना अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे २० टक्के हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेले होते, म्हणून १९७१ मध्ये सरकार हादरले. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्यांचा पाठपुरावा केला तेव्हा त्या व्यसनी सैनिकांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले सुमारे ५ टक्केच निघाले. नशेचा पदार्थ एकटा माणसाला धरून ठेवतो, ही समजूत त्यामुळे मोडली. भोवतीची भीती, कंटाळा, मृत्यू आणि सहज मिळणारा माल हे सगळे मागे राहिले, आणि बहुतेकांचे व्यसनही मागे राहिले. ज्यांच्या आत युद्ध चालूच राहिले त्यांच्यासाठी घरी परतणे एवढे सोपे नव्हते, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे दारूचा आधार घेतला.

आपल्याकडचे चित्र तुकड्यातुकड्यांनी पाहावे लागते. केंद्र सरकारने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांतल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा एक तरी प्रकार सोसल्याचे सांगितले, आणि दर तिघांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण. २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे ५.७ कोटी लोक देशात आहेत, आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एखाद्यालाच कोणता तरी उपचार मिळतो. हे दोन आकडे एकमेकांशी जोडण्याची घाई करू नये, कारण त्या दोन वेगळ्या पाहण्या आहेत. परदेशांतल्या अनेक अभ्यासांत व्यसनमुक्तीसाठी येणाऱ्यांपैकी साधारण पाव ते निम्म्या लोकांना आयुष्यात कधी तरी पीटीएसडी झालेला आढळतो. म्हणजे निम्मे किंवा त्याहून जास्त लोकांना तो नसतोही. प्रत्येक बाटलीमागे एक दुःखद कहाणी शोधत बसणे हा या विचाराचा विपर्यास आहे.

"मग काय, पिणाऱ्याला निमित्तच मिळालं!"

हा आक्षेप बहुधा बायकोचा असतो, आणि तो तिने घेणे रास्त आहे, कारण तिने वर्षानुवर्षे निमित्तेच ऐकलेली असतात. कारण सापडले म्हणून जबाबदारी संपत नाही. ज्याला मधुमेह वडिलांकडून आला त्यालाही पथ्य स्वतःच पाळावे लागते. उलट, आघातावर काम सुरू झाले की माणसाकडून मागणी वाढते: आतापर्यंत फक्त ‘पिऊ नको’ एवढेच सांगितले जात होते, आता ज्या गोष्टीपासून तो अकरा वर्षे पळत होता तिच्याकडे तोंड करून उभे राहायचे असते. आघात झाला म्हणून केलेली मारहाण क्षम्य ठरत नाही, आणि तो बरा होईपर्यंत घरच्यांनी सोसत राहावे असा सल्ला कोणताही जाणता समुपदेशक देणार नाही.

"आमचंही बालपण हलाखीतच गेलं"

गेले असेल, आणि तरी तुम्ही प्यायला लागला नाहीत. धोका वाढणे म्हणजे घटना अटळ होणे नव्हे. पावसाळ्यात घाटात दरड कोसळण्याचा धोका वाढतो, पण प्रत्येक दिवशी कोसळत नाही. आनुवंशिकता, सुरुवातीचे वय, गावातला गुत्ता किती जवळ आहे, आणि विशेषतः आघातानंतर एक तरी विश्वासाचे माणूस पाठीशी होते की नाही, यांवर बरेच काही ठरते. हलाखी आणि आघात यांतही फरक आहे. एकाच खोलीत आठ माणसे राहिलेली पण आजीच्या मांडीवर निर्धास्त झोपलेली मुले आणि बंगल्यात राहून काकाच्या चाहुलीने गोठणारी मुले, यांच्या कहाण्या वेगळ्या असतात. आणखी एक गोष्ट: बालपणाच्या अनुभवांचे गुण मोजून एखाद्या व्यक्तीचे भविष्य सांगता येत नाही, समाजाचा अभ्यास करण्यासाठीची ती मोजपट्टी व्यक्तींना लावू नका, असा इशारा खुद्द अँडा यांनीच २०२० मध्ये दिला आहे. समाजमाध्यमांवर त्या प्रश्नावल्या भरून स्वतःचा निकाल लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

"आधी दारू सुटू दे, मग बाकीचं पाहू"

पूर्वी तज्ज्ञही असेच म्हणत. व्यसनमुक्तीवाले सांगत की मन हलवले तर हा पुन्हा पिईल, आणि मानसोपचारवाले सांगत की पिणे थांबल्यावर या. माणूस दोन खिडक्यांच्या मध्ये लटके, एखाद्या सरकारी कचेरीत दाखल्यासाठी खेटे घालावेत तसा. पहिली भीती अगदीच निराधार नव्हती, म्हणून ती तपासावी लागली. ऑस्ट्रेलियात कॅथरिन मिल्स आणि सहकाऱ्यांनी व्यसन आणि पीटीएसडी दोन्ही असलेल्या १०३ जणांचा अभ्यास केला; एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर आघाताच्या आठवणींवर थेट काम करणारा एकत्रित उपचार दिला, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत एकत्रित उपचार घेणाऱ्यांचा पीटीएसडी अधिक कमी झाला, आणि भीती होती तसे त्यांचे व्यसन बळावले नाही. मात्र व्यसन कमी होण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरकही पडला नाही.

हे शेवटचे वाक्य अनेक उत्साही लेखांत गाळले जाते. आघातावर उपचार केले की दारू आपोआप गळून पडते, असे पुरावा सांगत नाही. भांगेची सवय लागलेल्या कुत्र्याची सवयही वेगळी सोडवावी लागते. शिवाय अशा उपचारांतून मध्येच गळणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते. तरीही एक वाद बऱ्याच अंशी मिटला आहे: ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१८ मध्ये स्पष्ट केले की केवळ दारू किंवा अमली पदार्थ घेतो म्हणून कोणाला पीटीएसडीच्या उपचारांतून वगळू नये. क्रम अर्थातच असतो. शरीर थरथरत असताना आठवणींना हात घालत नाहीत, आणि टर्कीतली धडधड पीटीएसडीसारखीच दिसते म्हणून निदान पक्के करण्यापूर्वी काही आठवडे वाट पाहतात. पण काही आठवडे म्हणजे काही वर्षे नव्हेत.

"जुनं उकरून काढायचं कशाला?"

उकरायचे नसतेच, निदान सुरुवातीला. ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात सांगितलेले तीन टप्पे आजही वापरात आहेत: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणे. व्यसनी माणसाच्या बाबतीत पहिला टप्पा सर्वांत लांब चालतो. लिसा नजाविट्स यांनी २००२ मध्ये पुस्तकरूपात आणलेल्या, व्यसन आणि पीटीएसडी दोन्हींसाठीच्या उपचारपद्धतीत २५ विषय आहेत, आणि त्यांत आघाताचा तपशील सांगायला लावले जातच नाही; भीतीची लाट आली असता ती न पिता कशी ओसरू द्यावी, मदत कशी मागावी, ‘नाही’ कसे म्हणावे, हे शिकवले जाते.

आपला चालक चौथ्यांदा भरती झाला आणि या वेळी समुपदेशकाने त्या वर्षाविषयी विचारले, असे समजू. पहिले काही दिवस त्याला अपघात सांगायला लावायचा नाही. वास आला, छाती धडधडली, की पाय जमिनीवर टेकवून दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यायची, चार गोष्टींना हात लावायचा, तीन आवाज ओळखायचे, दोन वास, एक चव. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण ‘हा घाट नाही, हा वॉर्ड आहे, समोर निळी बादली आहे, सतरंजी खरखरीत आहे’ असे मोठ्याने म्हणताना घरमालक दार उघडून बाहेर येतो आणि कुत्र्याला सांगतो, की पोस्टमन आहे. हे जमू लागले, झोप थोडी सुधारली, की प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाबरोबर पुढचे काम सुरू होते: घटना क्रमाने सांगणे, पुन्हा सांगणे, आणि टाळलेल्या गोष्टींजवळ बेताबेताने जाणे. एके दुपारी ते दोघे बंद जनरेटरशेजारी दहा मिनिटे उभे राहतात. पुढच्या आठवड्यात तो चालू असताना. त्यानंतर केव्हा तरी तो स्वतः कॅन उचलून टाकीत डिझेल ओततो, हात कापल्यामुळे पाव लिटर जमिनीवर सांडतो, आणि त्यावर माती टाकायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये प्रौढांच्या पीटीएसडीसाठी ज्या उपचारांची शिफारस केली त्यांत आघातावर केंद्रित असे वर्तनोपचार आहेत, तसेच डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर ही पद्धतही आहे.

हे काम अर्धवट शिकलेल्याने करू नये. गटसभेत पन्नास जणांसमोर "बोल, मन मोकळं कर" म्हणून एखाद्याला अत्याचाराची कहाणी सांगायला लावणे आणि नंतर त्याला एकट्याला खाटेवर सोडून देणे, याने नुकसानच होते. झोपेसाठी वर्षानुवर्षे चालू ठेवलेल्या डायझेपामसारख्या गोळ्यांचेही तेच: टर्कीचे थोडे दिवस त्या आवश्यक असतात, पण पुढे पीटीएसडीवर त्यांचा उपयोग होत नाही आणि एका व्यसनाच्या जागी दुसरे बसते.

"धाकाशिवाय सुधारत नाहीत"

माझ्या मते या सगळ्या विषयातला आपल्याकडचा सर्वांत तातडीचा भाग हा आहे, आणि त्यासाठी परदेशी पद्धतींची वाट पाहावी लागत नाही. काही केंद्रांची माणसे मध्यरात्री घरी येतात, रुग्णाला हातपाय धरून गाडीत घालतात, आत गेल्यावर मारतात, कोंडतात, ‘शिस्त’ लावतात. ज्याच्या जखमेचा गाभाच असहायता आहे, त्याला पुन्हा तीच असहायता उपचार म्हणून दिली जाते. तो बाहेर पडतो तेव्हा त्याच्याकडे आधीच्या आघातात भर पडलेली असते, आणि मदत मागण्याची उरलीसुरली इच्छा संपलेली असते. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास आणि एकांतकोंडीत टाकण्यास मनाई केली आहे, आणि क्रूर वागणुकीपासून संरक्षण हा त्याचा हक्क ठरवला आहे. व्यसन त्या कायद्याच्या कक्षेत येते, हे वर सांगितले ते यासाठीच.

धाकाशिवाय चालत नाही, हे तर महाराष्ट्राने फार पूर्वीच खोटे ठरवले आहे. गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, पोरे गिळायला सुरुवात केली त्या काळात, १९८६ मध्ये, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, आणि जिव्हाळ्याने वागवूनही व्यसनी माणूस शिस्तीत राहू शकतो हे दाखवून दिले. त्या काळी ‘आघाताची जाण असलेली सेवा’ हा शब्दप्रयोग कोणी वापरत नव्हते.

घरातले बाकीचे

पिणाऱ्याच्या घरात आघात एकट्याचा नसतो. सॅन दिएगोच्या यादीत ‘घरातले व्यसन’ हा स्वतंत्र प्रकार होता, म्हणजे आजच्या रुग्णाची मुले उद्याच्या यादीत आधीच शिरलेली असतात. बाप दारू सोडतो, पण दहा वर्षांची मुलगी संध्याकाळी सात वाजता दप्तर उचलून शेजारी जाणे सोडत नाही, आणि त्याला वाटते की घरच्यांचा आपल्यावर विश्वास नाही. तिच्याही आत कुत्रा भुंकतो आहे. स्त्रियांच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी आहे: २०१९ च्या पाहणीत दारू घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के होते, त्यामुळे केंद्रे पुरुषांसाठी बांधली गेली; घरातल्या अत्याचारानंतर प्यायला लागलेली बाई पुरुषांनी भरलेल्या गटसभेत तोंड उघडेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

केंद्र निवडताना

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६, असे दोन राष्ट्रीय क्रमांक आहेत. दोन्ही निःशुल्क आहेत. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ तालुक्याच्या गावी सहज मिळत नाहीत, हे मान्य करूनही भरती करण्यापूर्वी घरच्यांना काही गोष्टी विचारता येतात. केंद्राची नोंदणी आहे का, आणि टर्कीच्या दिवसांत डॉक्टर प्रत्यक्ष येतात की फोनवर गोळ्या सांगतात. रुग्णाला भेटता येईल का, की महिनाभर तोंड दाखवणार नाहीत. दारू सुरू झाली त्या काळात आयुष्यात काय घडले होते, हे पहिल्या मुलाखतीत विचारतात का, आणि तो सांगायला तयार नसेल तर त्याला तसे राहू देतात का. खोलीतला दिवा रात्री चालू ठेवण्याची परवानगी मिळेल का. आणि रात्री दीड वाजता तो भिंतीला पाठ लावून बसला, तर तिथे त्या वेळी जागे कोण असते, आणि ते वहीत काय लिहितात.